गुडघ्यातलं पाणी आणि कोल्ह्याचं डोकं

"गुडघ्यात पाणी झालंय," आईने लांबूनच निदान केलं. मी अजून पँट नीट वर सरकवलीसुद्धा नव्हती.

झालं होतं असं. शनिवारी रात्री ऑफिसच्या पोरांबरोबर बॉक्स क्रिकेट. एक चोरटी धाव, परत फिरताना पाय तिथेच रोवलेला राहिला आणि वरचा मी तेवढा वळलो. तेव्हा विशेष काही वाटलं नाही, रिक्षाने घरी आलो, जेवलो, झोपलो. सकाळी उठून बघतो तर उजव्या गुडघ्याच्या वाटीशेजारचे खळगे गायब! गुडघा असा गुळगुळीत, फुगलेला. वाटी दाबली की खाली जाऊन टक्कन आपटायची आणि परत वर यायची, पाण्यावर तरंगणाऱ्या झाकणासारखी.

संध्याकाळी थोरले काका आले. ते मुलुंडमध्येच, स्टेशनच्या पलीकडे राहतात. आल्या आल्या त्यांनी बोटांच्या पाठीने आधी माझा चांगला गुडघा चाचपला, मग सुजलेला, मग परत चांगला. "गरम नाहीये. ताप आला होता का? रात्री घाम?" नाही म्हटल्यावर निवांत खुर्चीत बसले, उजवा पाय नेहमीसारखा पुढे काढून. काकांचा उजवा गुडघा वाकत नाही. मी त्यांना कधीही मांडी घातलेलं पाहिलेलं नाही. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा होमासमोर सगळे मांडी घालून आणि नवरदेव एक पाय लांब करून, असा फोटो आहे.

लहानपणापासून आम्हाला एवढंच माहीत होतं की काकांच्या गुडघ्यात लहानपणी "पाणी झालं होतं". म्हणजे त्यांच्याही आणि माझ्याही गुडघ्यात तेच. मग माझं महिन्याभरात बरं होणार आणि त्यांचा पाय साठ वर्षं सरळसोट का? पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर आणि वर्क फ्रॉम होमची परवानगी, एवढं भांडवल हाताशी असल्यावर मी खोदकाम सुरू केलं. हा लेख त्यातूनच आला.

आधी थोडी प्लंबिंगची माहिती. गुडघ्याच्या सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं, सायनोव्हियम. त्यातून एक चिकट, पारदर्शक द्रव पाझरतो. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा दिसतो. 'सायनोव्हिया' हा शब्द सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससच्या नावावर जमा आहे, त्यातही अंडंच दडलंय म्हणतात. निरोगी गुडघ्यात हा द्रव चमचाभरसुद्धा नसतो, जेमतेम तीन-चार मिलीलिटर. पण काम दुहेरी: एक म्हणजे वंगण, आणि दुसरं म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेचं खाणंपिणं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती या द्रवावरच जगते. अस्तर चिडलं की त्यातल्या रक्तवाहिन्या गळायला लागतात, आत येणारं वाढतं, बाहेर जाणारं तेवढं वाढत नाही, आणि टाकी भरते.

म्हणजे 'पाणी' हा आजारच नव्हे. आमच्या भाषेत सांगायचं तर ती लॉगमध्ये पडलेली एरर आहे. एरर दिसली म्हणून लॉग फाईल पुसून टाकणारे महाभाग मी पाहिलेत (एक काळ मी त्यातलाच होतो), तसंच नुसतं पाणी उतरवणं. बग आत तसाच राहतो.

आपल्याकडे या सुजेची नोंद फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात, वातव्याधींच्या यादीत, एक आजार येतो: क्रोष्टुकशीर्ष. क्रोष्टुक म्हणजे कोल्हा. वात आणि रक्त दोन्ही बिघडून गुडघ्याच्या मध्यावर येणारी, अतिशय दुखणारी, कोल्ह्याच्या डोक्यासारखी जाडजूड सूज. वाचल्यावर मी आधी कोल्ह्याचे फोटो शोधले. (त्यासाठी फार लांब जायला नको. मुलुंड पूर्वेला खाडीकडे गेलं की जी खारफुटी लागते, त्या ठाणे खाडीच्या पट्ट्यात अजून सोनेरी कोल्हे आहेत.) समोरून बघितलं तर वर रुंद कपाळ, खाली निमुळतं होत गेलेलं तोंड. आता भरलेला गुडघा बघा. वाटीच्या वर मांडीच्या स्नायूखाली सांध्याची एक पिशवी असते, पाणी आधी तिथे फुगतं. खाली नडगीकडे आकार निमुळता होत जातो. उपमा देणाऱ्याने गुडघाही नीट पाहिला होता आणि कोल्हाही. आपण उगाच 'प्राचीन भारतात सगळं होतं' म्हणणाऱ्यांतले नाही, पण इथे निरीक्षणाला शंभर टक्के मार्क.

उपचारात मात्र गंमत आहे. शिरा टोचून रक्त काढण्याचे नियम सांगताना सुश्रुत या आजारासाठी घोट्याच्या वर चार अंगुळांवरची शीर सांगतो. म्हणजे द्रव काढून दाब कमी करायचा हे सुचलं होतं, फक्त पाईप चुकला! गुडघ्यातच का नाही टोचलं? जलोदरात पोटाला छिद्र पाडून पाणी काढायची कृती याच ग्रंथात तपशीलवार आहे, म्हणजे हात कचरणारी माणसं नव्हती ती. मला उत्तर दिसतं ते मर्मांच्या यादीत. जानु म्हणजे गुडघा, हे एक मर्म, आणि तिथे इजा झाली की माणूस लंगडा होतो असं स्पष्ट लिहिलंय. गुडघ्याला शस्त्र लावलेल्यांचं पुढे काय झालं ते कुणीतरी पाहिलं असणार, त्याशिवाय असा इशारा ग्रंथात येत नाही.

हे सगळं आज मला घरी बसून वाचता येतं त्यात मुंबईचा मोठा वाटा आहे. जावजी दादाजी चौधरींच्या निर्णयसागर छापखान्याने हे ग्रंथ नेटके छापले. वाग्भटाच्या अष्टांगहृदयाची प्रत १८८० साली अण्णा मोरेश्वर कुंट्यांनी संपादित केली. कुंटे स्वतः पाश्चात्त्य वैद्यक शिकलेले डॉक्टर. सुश्रुतसंहिता यादवजी त्रिकमजी आचार्यांनी १९१५ मध्ये काढली. एका बाजूला ग्रँट मेडिकल कॉलेजात १८४५ पासून शवविच्छेदन शिकवणारं वैद्यक, दुसरीकडे खिळे जुळवून छापलेली संहिता, आणि दोन्हींत पाय असलेली कुंट्यांसारखी माणसं. या माणसांवर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. असो.

युरोपातही गुडघ्याची भीती तशीच होती, आणि रास्त होती. निर्जंतुकीकरणाच्या आधी गुडघा उघडायचा म्हणजे पू, आणि पू म्हणजे पाय किंवा जीव यापैकी एक जाणार. १८७७ च्या ऑक्टोबरमध्ये जोसेफ लिस्टरने लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये तुटलेली वाटी तारेने जोडायला मुद्दाम गुडघा उघडला, तेव्हा त्या धाडसाचीच मोठी चर्चा झाली. कार्बोलिक ॲसिडमुळे रुग्णाचा पाय राहिला. सहा वर्षांनी एडिंबरात थॉमस ॲनंडेलने फाटलेला मेनिस्कस शिवला. मेनिस्कस म्हणजे दोन हाडांमधली चंद्रकोरीसारखी गादी, जी बॉक्स क्रिकेटमध्ये फाटते.

त्याआधीच्या डॉक्टरांना दार बंद असल्यामुळे बाहेरूनच काय ते ओळखावं लागे. त्यातली एक ओळख १६७६ ची आहे. रिचर्ड वाइजमन नावाच्या इंग्रज सर्जनने एका सुजेला 'ट्यूमर आल्बस', पांढरी सूज, असं म्हटलं. गुडघा हळूहळू, महिनोन् महिने फुगत जातो, पण लाल होत नाही, रसरसून तापत नाही. मांडी आणि पोटरी मात्र वाळत जातात, त्यामुळे गुडघा अजूनच मोठा वाटतो. बहुतेक वेळा मुलं. हा गुडघ्याचा क्षयरोग होता, पण ते कळायला १८८२ साली रॉबर्ट कॉखला क्षयाचा जंतू सापडावा लागला.

हे वर्णन वाचताना मी थांबलो आणि काकांना फोन लावला. हुबेहूब. १९६६ साल, काका नऊ वर्षांचे, कोकणातल्या गावी. झाडावरून उतरताना गुडघा आपटला होता, म्हणून सगळ्यांनी सूज त्या पडण्यावर ढकलली. दुखणं फार नाही, लाली नाही, त्यामुळे घाईही नाही. तेल चोळलं, शेक दिला, लेप घातले. गावात येणाऱ्या एका डॉक्टरांनी पाणी झालंय, उतरेल म्हणून सांगितलं. सूज उतरली नाही, संध्याकाळचा बारीक ताप यायला लागला, पोरगं वाळलं. सात-आठ महिन्यांनी आजोबांनी त्यांना मुंबईला आणलं तेव्हा कुठे क्षय कळला. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं, गोळ्या, प्लास्टर. औषधं तोवर आली होती (स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ चा), त्यामुळे जीव वाचला, रोग गेला. कूर्चा तोवर खाऊन झाली होती. हाड हाडाला सांधलं.

काकांनी एक गोष्ट अशी सांगितली की माझ्या अंगावर काटा आला. त्या सात-आठ महिन्यांत पाय सरळ केला की दुखायचा, म्हणून आजी गुडघ्याखाली उशी द्यायची. त्याने बरं वाटायचं. तसं वाटणारच! १८४० च्या दशकात फ्रान्समध्ये ल्योंच्या आमेदे बॉने या सर्जनने प्रेतांच्या सांध्यांत द्रव भरून पाहिला होता. द्रव भरत गेला की गुडघा आपोआप अर्धवट वाकलेल्या स्थितीत जातो, कारण त्या कोनात सांध्यात सर्वात जास्त जागा होते आणि दाब सर्वात कमी. म्हणून सुजलेला गुडघा उशी मागतो. पण क्षयाच्या गुडघ्याला महिनोन् महिने उशी दिली की तो त्याच कोनात आखडतो. काकांचा पाय नंतर प्लास्टरमध्ये हळूहळू सरळ करावा लागला, आणि जसा केला तसा तो कायमचा राहिला. आजीने मायेने केलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

(मी फोन ठेवला आणि पायाखालची उशी काढून टाकली.)

आणि आता टोकियो. १९१८ साली तिथल्या विद्यापीठात केंजी ताकागी या अस्थितज्ज्ञाने मूत्राशयात बघायची दुर्बीण एका प्रेताच्या गुडघ्यात घातली. सांध्यात दुर्बीण घालण्याचा विचार मांडणारा तो पहिला नाही, डेन्मार्कच्या नॉर्डेनटॉफ्टने १९१२ मध्येच तो मांडला होता. पण ताकागीच्या डोक्यात वेगळी चिंता होती: गुडघ्याचा क्षय. तो उशिरा कळला की गुडघा आखडतो, आणि जपानी माणूस जेवतो, भेटतो, पूजा करतो तो जमिनीवर, गुडघे दुमडून बसून. आखडलेला गुडघा म्हणजे नुसता लंगडेपणा नव्हता, घरातल्या सगळ्या बैठकीतूनच उठणं होतं. म्हणून रोग लवकर दिसायला हवा, म्हणून आत डोकवायला हवं. खुर्चीवर बसणाऱ्या देशात ही निकड इतकी जाणवली नसती, असं आपलं माझं मत. पंगतीत सगळ्यांपासून वेगळं, भिंतीकडेच्या टेबलावर ताट मांडून घेतलेल्या काकांना पाहिलेल्या माणसाला ताकागी समजावून सांगावा लागत नाही.

त्याचा शिष्य मासाकी वातानाबे याने १९५० च्या दशकाच्या शेवटी 'नंबर २१' नावाची दुर्बीण बनवली (आधीच्या वीस आवृत्त्या झाल्या होत्या, व्हर्जनिंग काय आपणच शोधलं नाही) आणि १९६२ मध्ये तिच्यातून बघत मेनिस्कसचा फाटका तुकडा काढला. टोराँटोचा रॉबर्ट जॅक्सन १९६४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास टोकियोत होता, तो हे शिकून अमेरिका खंडात घेऊन गेला. आज क्रिकेटपटूंच्या बातम्यांत जी 'आर्थ्रोस्कोपी' येते ती अशी क्षयाच्या भीतीतून आलेली आहे.

दुर्बिणीपेक्षा स्वस्त आणि माझ्या मते जास्त हुशार मार्ग मात्र सुईचा. काढलेलं पाणी फेकायचं नाही, बघायचं. नितळ पिवळसर आणि तार धरणारं असेल तर बहुतेक झीज किंवा दुखापत. गढूळ आणि पातळ असेल तर दाह. लाल असेल तर रक्त, आणि त्या रक्तावर चरबीचे थेंब तरंगत असतील तर हाड मोडलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशी मोजतात: निरोगी द्रवात घनमिलिमीटरला दोनशेच्या आत, दाहाच्या आजारांत दोन हजारांच्या वर, आणि पन्नास हजारांच्या पुढे गेल्या की जंतुसंसर्गाचा दाट संशय. १९६१ साली फिलाडेल्फियात मॅकार्टी आणि हॉलँडर यांनी हाच द्रव ध्रुवित प्रकाशात पाहिला, गॉगलच्या पोलराइज्ड काचेचंच तत्त्व, आणि गाऊटच्या रोग्यांच्या द्रवात युरेटचे सुईसारखे स्फटिक चमकताना दिसले. वात आणि रक्त बिघडण्याच्या ज्या खोक्यात सुश्रुतापासून सगळं एकत्र पडलेलं होतं, त्यातला एक आजार एका थेंबाने वेगळा काढला.

वेळ हाही पुरावा आहे. दुखापतीनंतर दोन तासांत गुडघा टम्म फुगला तर आत रक्त, बरेचदा लिगामेंट तुटलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगला (म्हणजे मी) तर बहुधा मेनिस्कस. वयस्क माणसात येऊन-जाऊन सूज म्हणजे बहुतेक झीज. वाजपेयींच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये ब्रीच कँडीत शस्त्रक्रिया झाल्यापासून हा प्रकार आपल्याकडे घरोघर ठाऊक झाला. लहान मुलात एक गुडघा सुजून उतरतो, मग घोटा सुजतो, अशी फिरती सूज आणि ताप असेल तर संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात सांधे पूर्ववत होतात, नुकसान हृदयाच्या झडपांचं होतं. आणि गुडघा गरम, ताप चढलेला, पाय हलवता येत नाही, असं असेल तर त्याच दिवशी हॉस्पिटल. सोमवारची अपॉइंटमेंट नाही. पू झालेला सांधा कूर्चा खायला महिने घेत नाही, दिवस घेतो.

कधी कधी गावंच्या गावं सुजतात. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शीला चिकुनगुन्याची मोठी साथ आली. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला टांझानियात ओळखला गेलेला हा विषाणू, नावाचा अर्थच वाकवून टाकणारा. बार्शीनंतर तो इथून जवळजवळ नाहीसा झाला आणि तीस वर्षांनी परतला: २००६ मध्ये देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रातही गावोगाव माणसं भिंत धरून चालत होती. पुण्याच्या विषाणू संस्थेने तपासलं तर हा बार्शीचा जुना आशियाई प्रकार नव्हताच, आफ्रिकेतला वेगळा होता. आणि तो पुणे जिल्ह्यात यवतच्या डासांमध्ये २००० सालीच एकदा सापडून गेला होता! सहा वर्षं लॉगमध्ये एक ओळ पडून होती.

माझ्या गुडघ्यातून ४० मिली निघालं. सुईचं म्हणाल तर बोटाला सुई टोचण्यापेक्षा जास्त, दाढेच्या इंजेक्शनपेक्षा कमी. "पाणी काढलं की सारखं होतं" असं शेजारच्यांनी बजावलं होतं. होतं ते काढल्यामुळे नाही, आतलं कारण तसंच राहिल्यामुळे. उलट न काढण्यातही तोटा असतो. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यात द्रव भरल्यावर मांडीचा पुढचा स्नायू मंदावताना दिसला, आणि १९८४ च्या प्रयोगात त्याच्या आतल्या बाजूच्या भागाला वीस-तीस मिलीच पुरले. दुखत नसलं तरी मेंदूच्या नकळत खालच्या खाली स्विच बंद. माझी मांडी चार दिवसांत सैल पडली होती ती का, ते तेव्हा कळलं.

काकांचा पहिला प्रश्न, "रंग कसा होता?" मी सिरिंजचा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी फोन हात लांब करून धरला, चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. "तेलासारखं आहे की. माझं कुणी काढलंच नाही."

एमआरआयमध्ये मेनिस्कसला छोटी चीर निघाली, ऑपरेशनची गरज नाही. फिजिओ मांडीचा स्नायू आवळायला लावते, दहा सेकंद धरायचा, दिवसातून तीनदा दहा दहा वेळा. जिने जपून, क्रिकेट बंद, आणि सहा आठवडे मांडी घालायची नाही.

काकांना सांगितलं तर म्हणाले, "सहाच आठवडे ना?"